गाडीतला वायरलेस: आवाज दूर, धोका जवळ

वैराग हे सोलापूर-बार्शी रस्त्यावरचे गाव. बाजाराच्या दिवशी तिथे वाहनांची गर्दी होते. एसटी, टेम्पो, ट्रॅक्टर, जीप, सारे एकाच रस्त्याला लागतात. त्या गर्दीत पोलिसांची गाडी आली की लहान पोरेही ती ओळखतात. गाडीच्या टपावर दिवा असतो आणि एक काडी उभी असते. गाडी खड्ड्यातून गेली की काडी डुलते.

एकदा रात्रीच्या वर्गात एका मावशींनी आम्हाला विचारले, "गुरुजी, ती काडी कशाला असती वो?"

आम्ही उत्तर देणार, तोच मागच्या रांगेतले ड्रायव्हरमामा म्हणाले, "मावशी, ती काडी बोलती. आन् ऐकती बी. पर तसल्याच एका यंत्रापायी माझी गाडी जळायची पाळी आली हुती."

सारा वर्ग मागे वळला. मग मामांनी आपली हकीकत सांगितली.

मामांची हकीकत

मामा आधी ट्रॅक्टर चालवत. पुढे ते एका रुग्णवाहिकेवर ड्रायव्हर म्हणून लागले. त्या गाडीत वायरलेसचा संच होता. एके रात्री ते एका बाळंतिणीला घेऊन बार्शीकडे निघाले. बाईला कळा सुरू झाल्या होत्या. शेजारी तिची सासू बसली होती. अर्ध्या वाटेत गाडीत करपल्याचा वास आला. पाहतात तो पायाजवळून धूर निघतोय.

मामांनी गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केले. दोघींना हात देऊन खाली उतरवले, आणि गाडीपासून लांब बसवले. बॉनेट उघडले तर संचाकडे जाणारी तार तापून तिच्यावरचे वेष्टण वितळत होते. मामांनी पाना घेतला आणि बॅटरीची तार सोडवली. धूर थांबला. पण गाडी बंद झाली, आणि वायरलेसही मुका झाला. फोनला रेंज नव्हती.

नशीब बलवत्तर म्हणून मागून भाजीचा टेम्पो आला. टेम्पोवाल्याने पाट्या एका बाजूला सारल्या आणि दोघींना घेतले. बाई वेळेत दवाखान्यात पोचली. सुखरूप सुटली. मुलगी झाली.

"दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला," मामा म्हणाले. "त्यानं काय दावलं सांगू? संच बसवताना तार अपुरी पडली म्हनून कुनी तरी ती मधीच कापली हुती. तिला दुसरी बारीक तार जोडली हुती. कापलेल्या तुकड्याबरोबर फ्यूजबी गेला हुता. संचाच्या खोक्यात कागद हुता. त्यात समदं लिहिलं हुतं, चित्रंबी हुती. पर तो कागद कुनी उघडूनच बघितला न्हाई. आन् मला तर तवा वाचताच येत नव्हतं."

वर्ग गप्प झाला. जो संच जीव वाचवायला गाडीत ठेवला, तोच त्या रात्री जिवावर उठला होता. दोष संचाचा नव्हता. तो बसवण्यात चूक झाली होती.

म्हणून या पाठात आपण हीच माहिती घेऊ. वायरलेस काय करतो, तो गाडीत कसा बसवावा, आणि कसा वापरावा. तुमच्यापैकी कुणी ड्रायव्हर असेल, कुणाचा मुलगा क्लीनर असेल, कुणी रुग्णवाहिकेतून जाईल. ही माहिती सगळ्यांच्याच कामाची आहे.

काडी बोलते कशी?

तळ्यात खडा टाकला की पाण्यावर लाटा उठतात. त्या काठापर्यंत जातात. वायरलेसच्याही लाटाच असतात. पण त्या पाण्याच्या नसतात, विजेच्या असतात, आणि डोळ्यांना दिसत नाहीत. माइकमध्ये बोललो की आवाजाची वीज होते. संच त्या विजेला जोर देतो. टपावरची काडी तिच्या लाटा करून चारी दिशांना सोडते. दुसऱ्या गाडीची काडी त्या लाटा पकडते, आणि तिथला संच त्यांचा पुन्हा आवाज करतो. या काडीला एरियल म्हणतात. मध्ये तार नसते, म्हणून याला बिनतारी संदेश म्हणतात.

हा शोध लागून सव्वाशे वर्षांच्या वर झाली. आपल्या देशात जगदीशचंद्र बोस या शास्त्रज्ञांनी १८९५ साली कलकत्त्याला लोकांसमोर प्रयोग करून दाखवला. त्यांनी अशा लाटा भिंतीपलीकडे पाठवल्या. त्या लाटांनी पलीकडची घंटा वाजली, आणि बंदुकीची दारू पेटली. ही दारूची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामाला येणार आहे.

अमेरिकेत डेट्रॉइट शहरच्या पोलिसांनी १९२८ साली गाडीत रेडिओ बसवला. पण त्यावर फक्त ऐकू येई, उलट बोलता येत नसे. १९३३ साली बेयोन नावाच्या गावच्या पोलिसांनी गाडीतून बोलायचीही सोय केली. आता महाराष्ट्रात जागोजागी पोलिसांच्या गाड्यांत असे संच असतात.

घरचा रेडिओ फक्त ऐकवतो. हा संच ऐकवतो आणि बोलतोही. पण दोन्ही कामे एका वेळी करत नाही. अरुंद पुलाची आठवण करा. तिकडची बैलगाडी पार झाल्याशिवाय इकडची पुलावर घालता येत नाही. इथेही तसेच. बटण दाबले की आपण बोलतो, तेव्हा ऐकू येत नाही. बटण सोडले की ऐकू येते.

फोन असताना हे कशाला?

तुम्ही म्हणाल, आता घरोघर मोबाइल आहे. मग वायरलेस कशाला?

एक कारण असे. फोनवर एक माणूस एकाशी बोलतो. वायरलेसवर एक बोलला की त्याच्या सगळ्या साथीदार गाड्यांना ऐकू येते. नंबर लावायला नको, वाट बघायला नको.

दुसरे कारण मोठ्या संकटाचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागातले जुने लोक विसरलेले नाहीत. गणपती विसर्जनाची रात्र नुकतीच सरत होती. चार वाजायला थोडा वेळ होता. लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या भागात भूकंप झाला. धक्का सोलापूर जिल्ह्यातही जाणवला. दगडामातीची घरे झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो माणसे दगावली. अशा वेळी निरोप पोचणे म्हणजे माणूस वाचणे. तेव्हा हौशी रेडिओवाले आपापले संच घेऊन मदतीला गेले, आणि त्यांनी निरोप पोचवण्याचे काम केले. संच गाडीच्या बॅटरीवरही चालतो. गावची वीज गेली तरी तो बंद पडत नाही.

संच एवढ्या मोलाचा, म्हणूनच तो नीट बसवायला हवा. धोका तीन ठिकाणी असतो. एक तारेत. दुसरा काडीत. तिसरा आपल्याच हातात. एकेक पाहू.

पहिला धोका: तार

गाडीची बॅटरी दिसायला गरीब. हात लावला तर झटका बसत नाही. म्हणून लोकांना वाटते, तिच्यात काय जोर आहे? पण तिचा जोर निराळा असतो. लाल टोकाची तार चुकून गाडीच्या पत्र्याला टेकली, तर बॅटरी एकदम सारी वीज सोडते. तार क्षणात तांबडीलाल होते. तिच्यावरचे वेष्टण पेटते. मामांच्या गाडीत ही सुरुवात झाली होती.

यावर उपाय फ्यूज. फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. वीज जास्त वाहू लागली की ती जागा आधी वितळते आणि वाट तुटते. आठ-दहा रुपयांचा फ्यूज जळतो, पण गाडी वाचते.

आता एक प्रश्न. फ्यूज कुठे बसवायचा? संचाजवळ की बॅटरीजवळ?

पुष्कळ लोक म्हणतात, संचाजवळ. हे चूक. फ्यूज आपल्या पुढच्या तारेला राखतो, मागच्या तारेला नाही. फ्यूज संचाजवळ असला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सारी तार उघडी राहिली. ती मध्ये कुठे पत्र्याला घासली तर फ्यूजला पत्ताही लागत नाही. म्हणून फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवा. शेताला पाणी देताना दार पाटाच्या तोंडाशीच असते, शेवटच्या वाफ्यात नसते. तसेच हे.

संचाच्या तारेत कारखान्यानेच फ्यूज घातलेला असतो. ती तार कापू नये. अपुरी पडली तर तेवढ्याच जाडीची किंवा जास्त जाडीची तार घ्यावी, आणि फ्यूज बॅटरीजवळच राहील असे पाहावे. फ्यूज जळला तर तेवढ्याच आकड्याचा दुसरा घालावा. तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नये. ते म्हणजे राखणदाराला हाकलून दार सताड उघडे टाकण्यासारखे आहे.

बोलताना संच बराच करंट ओढतो. गाडीतला २५ वॉटचा संच बोलताना हेडलाइटच्या एका-दोन दिव्यांइतका करंट घेतो. म्हणून त्याची तार बारीक चालत नाही. सिगारेट लायटरच्या भोकातूनही त्याला वीज देऊ नये. तिथली तार एवढ्या कामासाठी नसते. संचाची तार थेट बॅटरीवरून आणावी.

तार इंजिनच्या बाजूने आत घेताना पत्र्याच्या भोकातून जाते. भोकाची कड सुरीसारखी असते. गाडी हलते, तार घासते, आणि सहा महिन्यांत वेष्टण कापले जाते. म्हणून भोकात रबरी कडे बसवावे. तार गरम पाइपापासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब न्यावी. जागोजागी बांधावी. क्लच-ब्रेकच्या पायाशी लोंबती ठेवू नये.

बॅटरी किती व्होल्टची आहे तेही पाहावे. जीप, मोटार, ट्रॅक्टर यांत बहुधा १२ व्होल्ट असतात. मोठ्या ट्रकला आणि बसला बहुधा २४ व्होल्ट असतात. १२ व्होल्टचा संच २४ व्होल्टला जोडला तर तो जळतो. तिथे व्होल्ट कमी करणारे यंत्र मध्ये लागते. लाल तार अधिक खुणेला, काळी तार उणे खुणेला. ही खूण बॅटरीवर कोरलेली असते. अधिकची खूण फुलीसारखी उभी-आडवी, उणेची खूण एक आडवी रेघ.

काम करण्यापूर्वी बॅटरी सोडवावी. आधी काळी तार सोडावी, मग लाल. जोडताना उलटे. आधी लाल जोडावी, मग काळी. असे का? पाना लाल टोकावर असताना गाडीच्या पत्र्याला लागला तर मोठी ठिणगी उडते. काळी तार आधीच सोडलेली असली तर ठिणगी उडत नाही.

संचाची जागाही विचाराने निवडावी. तो नुसता सीटवर किंवा डॅशबोर्डवर ठेवू नये. अचानक ब्रेक मारला तर सुटा संच गोफणीतल्या दगडासारखा येतो. तो बोल्टने घट्ट बसवावा. गुडघा आपटेल, डोके आपटेल अशा जागी नको. नव्या गाड्यांत अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशव्या असतात. त्यांच्या वाटेत संच, माइक, तार काही नको. भोक पाडण्याआधी पत्र्यामागे काय आहे ते पाहावे. मागे तेलाची टाकी, ब्रेकचा पाइप किंवा तारांची जुडी असू शकते. संच तापतो, म्हणून त्याच्याभोवती हवा खेळू द्यावी. वर फडके टाकू नये.

हे काम माहितगार मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. पण मिस्त्री काम करत असताना आपण पाहावे. "मिस्त्री, फ्यूज कुठं घातला?" एवढे तरी विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

दुसरा धोका: काडी

एरियलची सगळ्यात चांगली जागा म्हणजे टपाचा मधला भाग. खाली लोखंडी पत्रा असला की लाटा चांगल्या पसरतात. शिवाय ती माणसांपासून लांब राहते. एरियल घट्ट बसवावी. तिच्याकडे जाणारी तार दारात चेपू देऊ नये.

एरियल जोडल्याशिवाय माइकचे बटण दाबू नये. संचाने सोडलेल्या जोराला बाहेर वाट मिळत नाही. तो परत फिरतो आणि संचालाच जाळतो.

कुणी बोलत असताना एरियलला हात लावू नये. लाटांच्या जोराने कातडी भाजते. गाडीभोवती मुले जमतात, काडी धरून वाकवतात. म्हणून बोलण्याआधी बाहेर एक नजर टाकावी. कुणी काडीजवळ असेल तर त्याला दूर करावे.

आता सगळ्यात मोठा धोका. रस्त्यावरून, शेतावरून विजेच्या तारा जातात. पुष्कळ ठिकाणी त्यांत ११,००० व्होल्ट असतात. काही तारा झोळ पडून खाली आलेल्या असतात. लांब एरियल अशा तारेला लागली तर साऱ्या गाडीत वीज उतरते. तारेखाली गाडी उभी करून एरियल चढवू नये, काढू नये, सरळ करू नये. आधी वर पाहा, मग काम करा.

आणि गाडीला तार लागलीच तर काय करायचे? हे नीट वाचा. गाडीतच बसून राहा. खाली उतरू नका. पत्र्याला हात लावू नका. एक पाय गाडीत आणि एक पाय जमिनीवर असला तर वीज अंगातून जाते. जवळ येणाऱ्या लोकांना ओरडून लांब राहायला सांगा. १९१२ या नंबरावर वीजवाल्यांना कळवा, किंवा ११२ वर फोन करा. वीज बंद झाल्याचे त्यांनी सांगितल्यावरच उतरा. गाडीला आग लागली तरच उडी मारा. उडी मारताना दोन्ही पाय जुळवा. गाडीला आणि जमिनीला एकदम स्पर्श होऊ देऊ नका. मग पाय जुळवलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत लांब जा. टांगा टाकून पळू नका. वीज उतरलेल्या जमिनीवर लांब पावले टाकणेही घातक असते.

आता बोसांच्या प्रयोगातली ती दारू आठवा. लाटांनी पलीकडची दारू पेटली होती. आपल्या भागात विहिरी खडकात खणतात. खडक फोडायला सुरुंग लावतात. सुरुंगाच्या ज्या टोप्या विजेने उडतात, त्यांच्या लांब तारा जमिनीवर पसरलेल्या असतात. अशी तार स्वतःच एरियलसारखी लाटा पकडते. जवळच्या गाडीतून कुणी वायरलेसवर बोलले तर वेळेआधीच सुरुंग उडू शकतो. आणि त्या वेळी माणसे विहिरीत असतात.

विजेच्या या टोप्यांवर सरकारने २०२५ सालच्या एप्रिलपासून बंदी आणली आहे. पण विहिरीवर कसल्या टोप्या आहेत हे रस्त्यावरून जाणाऱ्या ड्रायव्हरला कळत नाही. म्हणून नियम एकच. सुरुंगाचे काम चालू असेल, लाल निशाण दिसेल, तिथे पोचण्याआधीच संच पुरता बंद करावा. नुसते गप्प बसून भागत नाही. काही संच आपोआपही लाटा सोडतात. सुरुंगवाल्याने जा म्हटल्यावर, तिथून लांब गेल्यावरच संच चालू करावा.

पेट्रोल पंपावरही तेच. तेल भरताना संच बंद ठेवावा.

तिसरा धोका: आपला हात

तार नीट आहे, काडी नीट आहे, तरी एक धोका उरतो. तो ड्रायव्हरच्या हातात असतो.

हिशेब करून पाहा. गाडी तासाला ६० किलोमीटर वेगाने जात आहे. म्हणजे एका सेकंदात ती जवळजवळ १७ मीटर जाते. माइक उचलायला, बटण शोधायला तीन सेकंद गेले. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेली. त्या ५० मीटरांत एखादी शाळकरी पोर रस्ता ओलांडत असेल, उसाची बिनदिव्याची ट्रॉली उभी असेल. मन बोलण्यात असले की डोळे उघडे असूनही दिसत नाही.

म्हणून चालत्या गाडीत ड्रायव्हरने माइक धरू नये. शेजारी माणूस असेल तर त्याने बोलावे. एकटे असाल तर गाडी बाजूला घ्या, थांबवा, मग बोला. २०१९ साली मोटार वाहन कायदा बदलला. गाडी चालवताना बोलण्याचे यंत्र हातात धरून वापरणे हे त्यात धोक्याचे वाहन चालवणे ठरते. पण दंडाच्या भीतीने नव्हे, जिवाच्या काळजीने हा नियम पाळावा.

बोलण्याचीही एक रीत आहे.

बोलण्याआधी ऐका. दुसरा कुणी बोलत असेल तर त्याचे संपू द्या. दोघे एकदम बोलले तर कुणाचेच कळत नाही.

बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. लगेच बोललात तर पहिला शब्द तुटतो. कुणी म्हणाले, "येऊ नका," आणि पहिले अक्षर तुटले, तर केवढा घोटाळा!

थोडके बोला. मी कोण, कुठे आहे, काय झाले, काय हवे, या चार गोष्टी सांगा. आपले बोलणे संपले की "ओव्हर" म्हणतात. म्हणजे आता तुमची पाळी. समोरच्याचा निरोप उलट म्हणून दाखवा, म्हणजे चूक राहत नाही.

आजाऱ्याचे नाव आणि त्याचा आजार मोठ्याने सांगत बसू नका. वायरलेसवर बोललेले सगळ्यांना ऐकू येते. ते चावडीवर बोलण्यासारखे आहे.

आणि माइक नेहमी खुंटीला अडकवा. तो सीटच्या फटीत पडला आणि बटण दबून राहिले, तर अरुंद पुलावर आपली गाडी आडवी झाली असे समजा. साऱ्या गाड्यांचे बोलणे बंद पडते. आपल्याला मात्र काहीच ऐकू येत नाही, म्हणून आपल्याला वाटते, आज सगळीकडे शांत आहे. त्याच वेळी कुणीतरी मदत मागत असेल.

परवानगी हवी

वायरलेस संच बाजारातून आणला आणि बसवला, असे चालत नाही. लाटांची वाट सगळ्यांची मिळून एकच आहे. कुणीही कुठेही बोलू लागला तर पोलीस, विमान, आगीचा बंब यांच्या कामात अडथळा येतो. म्हणून १९३३ सालीच बिनतारी यंत्रांसाठी कायदा झाला. पुढे २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा झाला. मोठ्या संचाला केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परवानगी लागते.

थोड्या ताकदीच्या, ठराविक लाटांवर चालणाऱ्या काही हातसंचांना परवाना लागत नाही. पण तेही सरकारने पसंत केलेल्या जातीचे हवेत. फोनवरून वस्तू मागवताना फसू नका. असे संच बेकायदा विकले जात होते, म्हणून २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने विकणाऱ्यांसाठी नियम काढले. संचाला परवाना लागतो की नाही, हे विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. तुम्हीही विचारा, आणि पावती घ्या.

कुणाला हौस असेल तर त्यालाही वाट आहे. बारा वर्षांवरील कुणालाही सरकारची परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना काढता येतो. किल्लारीला मदतीला गेलेले हौशी रेडिओवाले याच वाटेने तयार झालेले असतात.

ध्यानात ठेवा

१. फ्यूज बॅटरीजवळ. तार जाड आणि अखंड.

२. संच बोल्टने घट्ट. फुगणाऱ्या पिशवीच्या वाटेत नको.

३. एरियल जोडल्याशिवाय बटण दाबू नका. बोलताना एरियलला हात लावू नका.

४. विजेच्या तारेखाली एरियल हलवू नका. गाडीला तार लागली तर आतच बसा.

५. सुरुंगाजवळ आणि पेट्रोल पंपावर संच बंद.

६. गाडी थांबवा, मग बोला.

७. परवानगीशिवाय संच नको.

हा पाठ आम्ही वर्गात वाचला, त्या दिवशी मामा खिशातून एक लहानशी वस्तू काढून घेऊन पुढे आले. नव्या तारेबरोबर आलेला तो जादा फ्यूज होता. त्यावर बारीक आकडा होता. मामांनी तो दिव्याजवळ धरला, डोळे बारीक केले आणि वाचले, "दहा."

"बरोबर आहे का गुरुजी?"

"बरोबर," आम्ही म्हणालो.

मग त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर सावकाश चार शब्द लिहिले. तेच शब्द आता त्यांच्या गाडीत, संचाच्या वर, एका पुठ्ठ्यावर लिहिलेले आहेत. अक्षर थोडे वाकडे आहे, पण लांबूनही वाचता येते:

गाडी थांबवा. मग बोला.